चारची विडी

अकरा वर्षं, रोज चार वाजता,
मीच वाटायचो विड्या.
लाल दोऱ्याचं बंडल सोडून एकेक,
गोळी गिळली का ते आधी बघून.
जीभ वर. आता खाली. हं, ही घे.
वॉर्ड शांत असायचा.

आंघोळ केली तर एक जास्त.
भिंतीवर डोकं आपटलं तर आजची बंद.
विडी हेच इथलं चलन :
एकीला उकडलेलं अंडं,
तिघींना खाडीकडच्या खिडकीखालची खाट.

मग बदली होऊन आल्या डॉक्टर सबनीस.
पहिल्याच दिवशी विचारलं, इथली माणसं मरतात कशानं?
मी काही बोललो नाही, मला वाटलं
उत्तर दारावरच्या पाटीत आहे.
त्यांनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवत गेल्या :
छाती, हृदय, छाती, पडून, हृदय, छाती.
मी म्हणालो, मॅडम, एवढं एकच सुख आहे त्यांना.
त्या म्हणाल्या, एकच का आहे?
आणि सोडायची का, असं विचारलंत कधी?

नाव विचारलं होतं, गाव, आजचा वार,
शंभरातून सात सात वजा करायला लावले होते.
हे राहून गेलं होतं.

हिराजी नाखवा, चेंदणी कोळीवाडा, वय बावन्न.
त्याला विचारलं तर म्हणाला,
मना कोन इचारतंय, त्याचीच वाट बगत व्हतो.
मग जरा थांबून :
पन त्यांचं काय? मी वढतो तवा तेबी वढतात,
तेवढा येळ गप असतात.
डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. हसल्या नाहीत.

दंडाला पट्टी लावली. चिकटपट्टीत धूर कसा मावतो,
म्हणून तो दिवसभर तिला कान लावायला बघायचा.
चौथ्या दिवशी वरणाची थाळी माझ्या अंगावर.
पूर्वी विडी बंद केली असती.
आता बंद करायला माझ्याकडे काहीच नव्हतं.
शर्ट धुतला, आणि त्याच्याजवळ जाऊन बसलो.
अकरा वर्षांत पहिल्यांदा बसलो असेन.

तिसऱ्या आठवड्यात तो बसल्या बसल्या झोपायला लागला,
लाळ छातीवर, डोळे कुठे तरी.
मी धावत गेलो : बघा, सोसली नाही त्याला.
त्यांनी रक्त काढलं, कागद बघितला,
आणि विडी परत दिली नाही, गोळी कमी केली.
धूर गोळी खात होता, म्हणाल्या,
आता खाणारा गेला, म्हणून ती जास्त होतेय.

त्या रात्री घरी, वागळे इस्टेटमध्ये, जेवण गेलं नाही.
एका हाताने मी गोळी देत होतो
आणि दुसऱ्या हाताने तिला खाणारी आग.
वर तपासत होतो जीभ.

नारळी पौर्णिमेला पुतण्या त्याला घरी घेऊन गेला.
संध्याकाळी परत आला तो दारातच थबकला,
आणि न सांगता जीभ वर केली.
वास दोन हातांवरून येत होता.
किती? डॉक्टरांनी विचारलं.
एक. होडीला हार घालताना.
बरं. मग उद्या पहिला दिवस नाही धरायचा,
उद्या बेचाळिसावाच.

सगळ्यांचं असं झालं नाही.
दोघं अजून जांभळाखाली ओढतात.
इक्बालभाई सोडतो, धरतो, सोडतो,
आणि प्रत्येक वेळी मला साल मुबारक म्हणतो.
चार वाजता रांग मात्र अजून लागते.
मी बडीशेप ठेवतो तळहातावर,
काही जण घेतात, काही नुसता हात बघतात.

परवा हिराजीला विचारलं, ते काय म्हणतात आता?
बडबडतात, म्हणाला.
पन खोकत न्हाईत.

मग माझ्याकडे वाकला, नाक उडवलं.
पंपहाऊसच्या मागे, पाच मिनिटांपूर्वी,
मला वाटलं होतं कोणी बघत नाही.

ब्रदर, तो म्हणाला, अगदी माझ्याच आवाजात,
जीभ वर.